हाताने ओढलेली रेघ

मी नेमकं काय काम करते हे माझ्या सासूबाईंना अकरा वर्षांत समजलेलं नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "कंप्युटर दुरुस्त करतेस का?" मी म्हटलं, नाही. "मग बनवतेस?" तेही नाही. "मग?"

"कोणता कंप्युटर कुणाच्या जिवावर चालतो, ते लिहून ठेवते, अम्मे."

"हे लिहायचा पगार देतात?"

देतात. काक्कनाडला आमच्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर आम्ही चौदा जण हेच करतो. माझ्या खिडकीतून जलपर्णीने भरलेला कडंब्रयार नदीचा एक तुकडा दिसतो, अकराला खालच्या कँटीनमधून परिप्पुवड्याचा, म्हणजे डाळवड्याचा, वास वर येतो आणि त्याबरोबर अर्धा मजला रिकामा होतो. आमचं गिऱ्हाईक म्हणजे जिल्ह्यातल्या सात खासगी इस्पितळांनी मिळून चालवलेली रुग्णवाहिका सेवा. त्यांच्या यंत्रांचा सगळा नकाशा आमच्या डेटाबेसमध्ये आहे. सगळ्यात वर सेवा, म्हणजे माणसांना जे हवं असतं ते. तिच्याखाली ती चालवणारे प्रोग्राम, त्यांच्याखाली सर्व्हर, त्याखाली नेटवर्कच्या पेट्या, तळाशी वीज. प्रत्येकाची एक नोंद आणि नोंदींना जोडणाऱ्या रेघा. रेघेचा अर्थ एकच, की हे त्याच्यावर अवलंबून आहे. उद्या कुणी म्हणालं की अमुक पेटी बंद करायची आहे, तर डेटाबेस त्या रेघा धरून वर चढत जातो आणि काय काय बंद पडेल ते सांगतो. रेघ असेल तर लाल अक्षरांत बोंब मारतो. रेघ नसेल तर हिरव्या अक्षरांत लिहितो, 'परिणाम: काही नाही.'

रेघा दोन प्रकारच्या असतात. रोज सकाळी सहाला एक शोधणारा प्रोग्राम सगळं नेटवर्क चाळतो आणि सापडेल ते जोडतो. त्या रेघा निळ्या. ज्या यंत्रांना नेटवर्कवर पत्ताच नाही, ती त्या प्रोग्रामला दिसत नाहीत. तिथे माणसाने जाऊन, बघून, हाताने रेघ ओढायची. त्या राखाडी, तुटक. हाताने ओढलेली रेघ सहा महिन्यांत कुणी पुन्हा तपासली नाही तर ती शिळी धरतात, आणि शिळ्या रेघा नकाशाचे गुण कमी करतात.

आमच्याकडे हाताच्या रेघा ओढायचं काम एकट्या कुरियाच्चन चेट्टनचं होतं.

चेट्टन म्हणजे दादा, जसं चेची म्हणजे ताई. ते चोपन्न वर्षांचे होते. तरुणपण टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेलं होतं, आणि पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. खिशात टॉर्च, मानेवर रुमाल. कुठल्याही तळघरात शिरायचे, तारेवर बोट ठेवायचे आणि दुसरं टोक येईपर्यंत बोट उचलायचे नाहीत. "डोळा फसतो, मोळे," ते मला म्हणायचे. लेकीला म्हणतात तसं सगळ्या पोरींना ते मोळेच म्हणत. "बोट फसत नाही." मग वर येऊन रेघ ओढायचे आणि शेऱ्यात दरवेळी तेच लिहायचे: 'हात लावून पाहिलं. कु.'

एकदा त्यांच्याबरोबर मीही गेले होते. एका इस्पितळाच्या तळघरात, धोब्याच्या खोलीशेजारी, पिवळी पडलेली एक जुनी पेटी होती. बाहेरून येणारा फोन कंट्रोल रूमपर्यंत पोचवायचं काम ती करायची. तिला नेटवर्कवर पत्ता नव्हता, म्हणून शोधणाऱ्या प्रोग्रामच्या लेखी ती नव्हतीच. चेट्टन गुडघ्यांवर बसून तार चाचपत होते आणि मी टॉर्च धरला होता. साबणाच्या वाफेने माझा चष्मा सारखा धुरकट होत होता. "नीट धर गं, मी काय वटवाघूळ आहे का?" असं ओरडलेही होते. त्या संध्याकाळी त्यांनी रेघ ओढली. रुग्णवाहिका सेवा त्या पिवळ्या पेटीवर अवलंबून आहे, अशी.

आता मी काय केलं ते सांगते.

गेल्या एप्रिलमध्ये ऑडिट होतं. नकाशाचे गुण एकाहत्तर होते आणि नव्वद हवे होते. आमचे प्रमुख हरिगोविंदन सर माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "प्रसीता, दोन दिवस आहेत. हिरवं करून दे. कसं ते मला सांगू नकोस."

दोनशे बारा शिळ्या रेघा होत्या. एकेक तपासायला तीन महिने लागले असते. मी सगळ्या निवडल्या आणि एका फटक्यात पुसल्या. एवढं मोठं काम करताना डेटाबेस अडखळू नये म्हणून बदलांचा इतिहास लिहिणं थोडा वेळ बंद ठेवतात. तसं मीही ठेवलं. इतिहासात काही उरलं नाही. गुण चौऱ्याण्णव झाले. सरांनी सगळ्यांना पळम्पोरी, म्हणजे केळ्याची भजी, खिलवली. नंतर सवडीने चेट्टनना विचारून लागतील त्या रेघा परत ओढायच्या, असं मी मनाशी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

तेरा मे, मंगळवार. इस्पितळाला तळघर रिकामं करायचं होतं, म्हणून जुनी पेटी बंद करण्याची विनंती आली. मंजुरी द्यायची होती कुरियाच्चन चेट्टनना. त्यांच्यापुढे त्या सकाळी अशा एकतीस विनंत्या होत्या. डेटाबेसने लिहिलं होतं, 'परिणाम: काही नाही.' त्यांनी मंजूर केलं. पडद्यावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने त्या दिवशी तो ठेवला, कारण हाताच्या सगळ्या रेघा त्यांनीच ओढलेल्या होत्या, आणि तिथे एखादी असती तर ती ओरडली असती हे त्यांना ठाऊक होतं.

अकरा वाजून बारा मिनिटांनी पेटी बंद झाली. अकरा एकोणसाठला कुणाच्या तरी लक्षात आलं. मधली सत्तेचाळीस मिनिटं फोन करणाऱ्याला घंटा वाजताना ऐकू येत होती आणि कंट्रोल रूममधल्या मुली आज कशी शांत सकाळ आहे म्हणून चहा पीत होत्या. अकरा फोन आले होते. दहा जणांनी रिक्षा, शेजाऱ्याची गाडी, काहीतरी केलं. अकरावी वैपीन बेटावर एळंकुन्नप्पुळ्यात राहणारी जसिंता. वय अडतीस, घरात एकटी. नवरा कोळंबीच्या शेडवरून जेवायला घरी आला तेव्हा ती दारात बसलेली होती आणि फोन कानाला होता. फोनमध्ये घंटा वाजतच होती, असं त्याने पोलिसांना सांगितलं.

चौकशीच्या बैठकीत चेट्टन एकच वाक्य बोलत राहिले. "ती रेघ मी ओढली होती. हात लावून पाहिलं होतं."

सरांनी सगळ्यांसमोर इतिहास उघडला. कोरा. "चेट्टा, इथे काही नाही."

"होती, सर."

"चेट्टा." सरांचा आवाज मऊ झाला होता. "वय होतं माणसाचं. कामं खूप असतात."

वृत्तांत मी लिहीत होते, त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून. ते माझ्याकडे वळले. रागाने नाही. चष्मा कुठे ठेवलाय हे घरच्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मोळे, तू होतीस ना? टॉर्च तूच धरला होतास."

मी म्हटलं, "आठवत नाही, चेट्टा."

बस, मी एवढंच बोलले. मग खाली मान घालून लिहिलं, 'रेघ अस्तित्वात होती असा मंजुरी देणाऱ्यांचा दावा. पुरावा आढळला नाही.' त्यांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये कळलं की त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि ते पिरवमला घरी अंथरुणावर आहेत. सगळ्यांनी मिळून फळांची टोपली पाठवली. तिच्यावरच्या चिठ्ठीत सगळ्यांच्या सह्या होत्या, माझीही.

यंदाच्या फेब्रुवारीत, दोन तारखेला, सोमवारी, नकाशाचे गुण शहाण्णववरून पंच्याण्णव पूर्णांक नऊ झाले. एवढ्याशा घसरणीकडे कुणी बघत नाही, मी बघते. शोधलं तर एक राखाडी तुटक रेघ होती. वर रुग्णवाहिका सेवा, खाली पिवळी पेटी. ती पेटी तोवर भंगारात जाऊन आठ महिने झाले होते. शेरा: 'हात लावून पाहिलं. कु.' ओढणाऱ्याचं खातं त्यांचं, राजीनाम्याच्या दिवशीच कुलूप घातलेलं. बंद खात्याच्या रेघा डेटाबेस शिळ्याच धरतो. वेळ, त्याच सकाळची, अकरा बारा.

मला पहिल्यांदा वाटलं ते असं, की कुणाला तरी कळलंय. मी रेघ पुसली आणि सुरक्षा विभागाच्या मुलाला सहज विचारल्यासारखं विचारलं, की बंद खात्यातून कुणी आत शिरलं का. तो म्हणाला, "चेची, बंद खात्यातून माशीसुद्धा शिरत नाही."

दुसऱ्या दिवशी अकरा बाराला ती परत होती. सोबत आणखी एक. तिसऱ्या दिवशी तीन.

नव्या रेघा चेट्टननी पूर्वी कधी ओढलेल्या नव्हत्या. एक सांगत होती की कंट्रोल रूमचा भिंतीवरचा मोठा फलक लिफ्टच्या खोलीतल्या एका विजेच्या डबीवर अवलंबून आहे. हे हास्यास्पद होतं. फलक आणि लिफ्ट यांचा काय संबंध? तरी गुरुवारी मी कंट्रोल रूमच्या इमारतीत गेले, लिफ्टवाल्याकडून किल्ली घेतली आणि वर चढले. खोलीत वंगणाचा आणि कबुतरांच्या विष्ठेचा वास होता. डबी होती. तिच्यातून निघालेली तार भिंतीतून पलीकडे फलकाच्या मागेच उतरत होती. कुठल्या तरी वायरमनने वर्षांपूर्वी केलेला जुगाड. नकाशात नाही, कागदावर नाही, कुणाच्या डोक्यातही नाही.

तारेवर धुळीचा जाड थर होता. त्या थरात डबीपासून भिंतीपर्यंत, न तुटता, एका बोटाच्या रुंदीचा स्वच्छ पट्टा होता.

मी लिफ्टवाल्याला विचारलं, "इथे कोण आलं होतं?"

"किल्ली माझ्या गळ्यात असते, मॅडम," तो म्हणाला. "तुम्हीच पहिल्या."

शुक्रवारी आणखी दोन ठिकाणी गेले. दोन्ही रेघा खऱ्या निघाल्या. दोन्ही तारांवर तो पट्टा होता.

रविवारी मी पिरवमची बस धरली. मी स्वतःला असं बजावत होते की चेट्टन घरून काहीतरी करताहेत, कुणीतरी त्यांना मदत करतंय, आणि ते थांबवायला हवं. खरं म्हणजे ते करताहेत असं निघावं, अशीच माझी इच्छा होती. ते रागावलेत आणि सूड घेताहेत हे मला झेपलं असतं.

रबराच्या झाडांमध्ये दोन खोल्यांचं घर. त्यांची बायको मॉलीकुट्टी चेची नुकतीच चर्चमधून आली होती, अंगावर अजून चर्चची पांढरी चट्टा-मुंडू, झंपर आणि लुंगी, होती. मला पाहून तिला इतका आनंद झाला की मी उंबऱ्यातच थबकले.

"ऑफिसातलं कुणी येईल असं वाटलंच नव्हतं गं! ये, ये. अहो, बघा कोण आलंय! तुमची मोळे आली!"

ते कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडले होते. अर्धे झाले होते. खोलीत ना संगणक, ना स्मार्टफोन. कोपऱ्यात एक जुना घरचा फोन, त्यावर विणलेलं झाकण. चेचीने मला खुर्ची दिली आणि भिंतीवरचं घड्याळ पाहून म्हणाली, "आता सुरू होईल बघ त्यांचं."

अकरा बाराला त्यांचा डावा हात उठला. बोट भिंतीवर टेकलं, एका जागी क्षणभर थांबलं, मग सावकाश, सरळ, चुन्यावरून खरखरत पुढे गेलं आणि एका ठिकाणी थांबून दोनदा ठोकलं. परत उचललं, दुसरीकडे टेकलं. भिंतीत चर पडले होते.

"दोनदा चुना लावून घेतला मी," चेची म्हणाली. "आठवड्यात परत तेच. आणि हे बघ." तिने त्यांचं बोट उचलून मला दाखवलं. पेर काळंभोर होतं. "रोज साबणाने घासते. अंथरुणावरच्या माणसाला ही काजळी कुठून लागते सांग मला. चुना तर पांढरा आहे."

मला ती धूळ ओळखीची होती. माझ्या ओढणीला गुरुवारपासून तीच लागलेली होती.

चेचीने कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओका, आणि मासळीची आमटी वाढली. मी नको म्हणाले तरी वाढली. मी खात असताना ती समोर बसली आणि मुंडूला हात पुसत म्हणाली, "एक विचारू? जीभ जाईपर्यंत हे एकच म्हणत होते. मॉली, मी हात लावून पाहिलं होतं. उठता बसता तेच. मी काय अडाणी बाई, मला त्यातलं काय कळतंय? दर रविवारी त्या वैपीनच्या पोरीसाठी मेणबत्ती लावते आणि यांच्यासाठी क्षमा मागते. पण यांनी चूक केलीच नसेल, तर मी देवापाशी भलतंच बोलतेय ना? तू तिथेच होतीस. तूच सांग. यांनी ती रेघ ओढली होती का?"

भिंतीवरची खरखर थांबली होती.

माझ्या तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत मला वेळ होता, आणि मी तो मुद्दाम हळू गिळला. मग म्हटलं, "चूक कुणाकडूनही होते, चेची."

तिने मान हलवली. "खरंय," म्हणाली, आणि मला आणखी आमटी वाढली. मी तीही खाल्ली. बसमध्ये बसल्यावर मला माझी इतकी किळस आली की मूवाट्टुपुळ्याला उतरून मी स्टँडवर ओकले.

सोमवारी सकाळी दहाला मी हरिगोविंदन सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. दोनशे बारा रेघा, बंद ठेवलेला इतिहास, टॉर्च. सर उठले आणि त्यांनी दार लावलं.

"हे तू आज का सांगतेयस?"

"त्या रेघा परत आल्यात, सर. चेट्टननी ओढलेली पण. दाखवते."

मी त्यांच्याच संगणकावर नकाशा उघडला. एव्हाना सतरा राखाडी रेघा झाल्या होत्या. पिवळ्या पेटीकडे जाणाऱ्या रेघेवर मी बोट ठेवलं. "ही."

सरांनी पडदा पाहिला, मग माझं बोट पाहिलं, मग मला. "कुठली?"

"ही, सर. सेवेपासून पेटीपर्यंत."

"प्रसीता, इथे काही नाही."

"आहे. गुण बघा ना, पंच्याण्णवच्या खाली आलेत."

"शहाण्णव आहेत." त्यांचा आवाज मऊ झाला. तो मऊपणा मी पूर्वी एकदा ऐकला होता. "तू कुरियाच्चनना भेटून आलीस ना? मन हळवं होतं. आठवडाभर सुट्टी घे. आणि हे कुठे लिहून ठेवू नकोस. सगळं मिटलंय. त्यात तुझं नाव नाही, माझं नाव नाही. कशाला उकरतेस?"

"चेट्टनचं आहे ना."

"त्यांना आता काय फरक पडणार आहे?"

त्यांना नसेल, पण पिरवमला एक बाई दर रविवारी भलतीच क्षमा मागत होती. हे मी सरांना सांगू शकले असते. मी जागेवर परत आले.

अकरा बाराला माझा फोन वाजला. कंट्रोल रूममधली सफीना होती. ती तिथे सकाळच्या पाळीवर असते, चोवीस-पंचवीसची, बोलायला चुरचुरीत.

"चेची, तुम्ही लोकांनी लाइनवर काय करून ठेवलंय? फलकावर एक कॉल प्रतीक्षेत दिसतोय. उचलते तर उचलला जात नाही. कापते तर कापला जात नाही."

"कुठला नंबर?"

"वैपीनचा आहे. एळंकुन्नप्पुळा. आणि वेळ तर बघा, दोनशे बाहत्तर दिवस! दोनशे बाहत्तर दिवस कोण गं होल्डवर बसेल? आकडा बिघडलाय तुमचा."

मी तेरा मेपासूनचे दिवस मोजले नाहीत. गरज नव्हती.

"मला जोडून दे," मी म्हटलं.

आधी घंटा ऐकू आली. आपण फोन लावल्यावर पलीकडे वाजते तशी. वाजत होती, थांबत होती, वाजत होती. घंटेच्या मध्ये कुणाचा तरी श्वास होता, जिना चढून आल्यासारखा.

मी मजल्यावर इकडेतिकडे पाहिलं. सगळे वडा खायला गेले होते.

"ती रेघ कुरियाच्चन चेट्टननी ओढली होती," मी फोनमध्ये म्हटलं. "मी तिथे होते. ती मी पुसली. विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

घंटा थांबली, कुणी फोन उचलावा तशी.

"हे मला कशाला सांगतेस, मोळे?" बाईचा आवाज थकलेला होता, पण रागावलेला नव्हता. "त्याच्या बायकोला सांग. मी आहे लाइनवर."

आणि घंटा पुन्हा वाजायला लागली.

त्या दिवशी मी पिरवमचा नंबर चार वेळा काढला. मंगळवारी दोनदा. बुधवारी ठरवलं, असं फोनवर सांगणं बरं नाही, रविवारी समोर बसून सांगू. रविवारी सासूबाईंना ताप होता. फार नव्हता, पण होता. सफीना रोज अकरा बाराला फोन करून आकडा सांगायची आणि वैतागायची. तंत्रज्ञ येऊन गेले, फलक बदलला, कॉल तसाच. दोनशे अठ्ठ्याहत्तर. दोनशे ऐंशी. मी रोज म्हणायचे, उद्या.

काल, म्हणजे वीस तारखेला, शुक्रवारी सकाळी नऊला ऑफिसच्या ग्रुपवर निरोप आला. कुरियाच्चन चेट्टन पहाटे गेले. दुपारी चारला पिरवमच्या चर्चमध्ये प्रार्थना आहे, कंपनीकडून पुष्पचक्र जाईल. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. मी पण एक टाकलं.

मग नकाशा उघडला. राखाडी रेघ एकही नव्हती. गुण शहाण्णव.

मी तशीच बसून राहिले. आता जायचं, चार वाजता, सगळ्यांसमोर, शवपेटीशी उभ्या असलेल्या त्या बाईला सांगायचं, असं मनात घोळवत होते. आणि कुठेतरी, अगदी खाली, मला सुटल्यासारखंही वाटत होतं. ते मी लपवणार नाही.

अकरा बाराला फोन वाजला.

"चेची," सफीना म्हणाली. आज ती वैतागलेली नव्हती. हळू बोलत होती. "आता दोन झालेत."

"दुसरा कुठला?"

"पिरवम. घरचा नंबर आहे. प्रतीक्षा शून्य मिनिटं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि चेची, आज घंटा नाही वाजत. मी कान लावून बघितलं. ते दोघं एकमेकांशी बोलतायत."

"काय बोलतायत?"

"नीट कळत नाहीये," ती म्हणाली. "मधूनमधून तुमचं नाव येतंय."